लस आणि विश्वास

लोक लसीस का भितात, असे नातवंडे विचारतात. त्यांस आम्ही १८९७ सालची हकीकत सांगतो. त्या वर्षी १० जानेवारीस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु लवकरच पुण्यात गोरे सोजीर झडतीसाठी घराघरांत शिरले आणि सरकारी उपायांविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली.

२०२१ च्या मार्चात साठीवरील नागरिकांस कोरोनाची लस मिळू लागली. येथे नागपुरात आमचे थोरले बंधू ‘पाहू पुढे’ म्हणत राहिले. एप्रिलात ते गेले. ते अडाणी नव्हते. त्यांच्या शंका ऐकावयास आम्ही त्यांच्यापाशी बसलो नाही, ही चूक आमची.

ज्ञातिबांधवहो, पुन्हा असा प्रसंग आल्यास शंका घेणाऱ्यास हिणवू नका. आधी स्वतः लस घ्या, मग त्याचे घरी जा.