बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही घरी ऐकली असेलच. राजा खूष होऊन म्हणतो, "माग काय हवे ते!" सिस्सा नावाचा शहाणा पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा मागतो, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, आणि असेच दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत. गोष्ट सांगणारे बहुधा राजाच्या फजितीवर थांबतात. खरी मौज मात्र हिशेबात आहे.

चरित्रकोशकार इब्न खल्लिकान (मृत्यू १२८२) यांना ही मागणी राजाला झेपणार नाही हे प्रथम पटलेच नव्हते. तसे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने त्यांना कागदावर मांडून दाखविले. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे होतात. त्याचे एक माप धरा. मापे दुप्पट होत चाळिसाव्या घरात एक कोठार भरते. पन्नासाव्या घरात १,०२४ कोठारे. त्यांचे एक शहर धरा. मग चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरे! जगात इतकी शहरे तरी आहेत का, असे तो म्हणाला. एवढा मोठा विद्वान एका हिशेबनिसापुढे शिष्य होऊन बसला, हे मला त्या शहरांहून मोठे वाटते.

याच्याही पूर्वी, इ. स. १००० च्या सुमारास, अल्-बिरूनी यांनी 'अल्-आसारुल बाकिया' या ग्रंथात संपूर्ण बेरीज दिली होती. चौसष्ट वेळा दुप्पट करण्याची यातायात त्यांनी टाळली. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घराहून एकने कमी असते: १, २, ४ यांची बेरीज ७, पुढचे घर ८. म्हणजे पासष्टावे घर कल्पून त्यातून एक वजा केला की झाले. ते घर गाठायचे वर्ग करून. पाचव्या घरातील १६ चा वर्ग २५६ हा नवव्या घरात येतो, त्याचा वर्ग ६५,५३६ सतराव्यात, त्याचा तेहेतिसाव्यात, आणि आणखी एक वर्ग केला की पासष्टावे घर. चार गुणाकार! उत्तर:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

पुढे इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरील ग्रंथात त्यांनी आपल्याकडील एकं, दहं पासून परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांची नोंद केली. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे १८४ परार्धांच्याही वर. तिचा आवाका कळावा म्हणून बिरूनींनी दाण्यांच्या थैल्या, थैल्यांची ओझी, ओझी वाहणाऱ्या खेचरांचे कळप, कळप चरतील अशी खोरी आणि खोरी जिथून निघतात ते डोंगर मोजले. डोंगर भरले २,३०५. पृथ्वीवर हे मावणार नाही, असा शेरा त्यांनीच मारला आहे.

आता पेन्सिल घ्या. कोणत्याही वर्गातून एक वजा केल्यास मूळ संख्येहून एकने कमी व एकने जास्त अशा दोन संख्यांचा गुणाकार मिळतो. १६ वजा १ म्हणजे ३ गुणिले ५. हीच युक्ती वरून खाली लावत गेल्यास आपली संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार ठरते. वरचे वर्ग पाहा, प्रत्येकात एक मिळवलेला दिसेल! यांतील शेवटची मूळ संख्या आहे असे फ्रान्सचे फर्मा मानीत. १७३२ मध्ये ऑयलर यांनी ती ६४१ ने भागून दाखविली. भागाकार येतो ६७,००,४१७. वहीचे अर्धे पान पुरते.