गोमंतकीयांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व

गोवा, दमण व दीव येथे पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या व्यक्तींचे व त्यांच्या संततीचे पोर्तुगीज कायद्याने मान्य केलेले राष्ट्रीयत्व. त्याच्या आधारे अनेक गोमंतकीयांना यूरोपीय देशांत राहण्याचा, काम करण्याचा व सामाजिक सुरक्षेचे लाभ घेण्याचा हक्क मिळाला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी हे प्रदेश मुक्त झाले. १९६२ च्या नागरिकत्व आदेशानुसार तेथे जन्मलेले लोक व त्यांची मुले-नातवंडे भारतीय नागरिक ठरली. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांना महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. पोर्तुगालने १९७४ च्या तहान्वये भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व नाकारले नाही. लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद झाली, की ते प्रस्थापित होई आणि पुढे मुलांनाही त्याचा लाभ मिळे. गावच्या दप्तरातील जुना जन्मदाखला अशा रीतीने मोलाचा दस्तऐवज बनला.

हे मोल प्रत्यक्षात आले, ते पोर्तुगाल १९८६ मध्ये यूरोपीय आर्थिक समूहात सामील झाल्यानंतर. समूहाच्या १९६८ च्या नियमांनी कामगाराला यजमान देशातील कामगारांच्या बरोबरीने वेतन व सामाजिक सवलती दिल्या होत्या. १९७१ च्या नियमांमुळे निरनिराळ्या देशांत भरलेल्या विम्याचा काळ निवृत्तिवेतनासाठी एकत्र धरला जाई. मात्र हा हक्क बिनशर्त नव्हता. २००४ च्या निदेशानुसार तीन महिन्यांनंतर राहावयाचे, तर नोकरी वा व्यवसाय तरी हवा, अथवा निर्वाहाची साधने व आजारविमा तरी. सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळे.

पोर्तुगीज पारपत्र घेतलेले बरेच गोमंतकीय पोर्तुगालमध्ये न राहता इंग्रजीच्या सोयीमुळे ब्रिटनमध्ये गेले, हा या इतिहासातील एक चमत्कारिक भाग होय. स्विंडन व साउथॉल येथे त्यांच्या वस्त्या वाढल्या. परंतु परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्यास १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमान्वये भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते व त्याबरोबर मताधिकारही जातो. लिस्बनमधील केवळ जन्मनोंद म्हणजे असा स्वीकार होय काय, हा प्रश्न गोव्यात वारंवार वादग्रस्त ठरला. कारण नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने ती नवे नागरिकत्व घेणे नव्हे, तर जन्माने असलेलेच दाखविणे होते.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी यूरोपीय संघातून बाहेर पडले. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तेथे स्थायिक झालेल्यांना विशेष योजनेखाली अर्ज करून हक्क राखता आले. त्यासाठी ३० जून २०२१ ही सर्वसाधारण मुदत होती. त्यानंतर नव्याने जाऊ इच्छिणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये कामासाठी प्रवेशपरवाना आवश्यक झाला. आयर्लंडसह संघातील देश मात्र त्याला खुले राहिले.