ज्ञानाच्या वाटेवरची जकात

माझ्या लहानपणीं घरांत रेडिओ ठेवावयाचा तर सरकारी परवाना लागे. वडील दर वर्षीं टपालकचेरींत पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का घेऊन येत. ती पद्धत पुढें बंद झाली. आमच्या साध्या संसारास तो खर्च जाणवे. पण त्यांत एक गोष्ट बरी होती. दिवसांतून घटकाभर ऐका कीं चार प्रहर ऐका, रक्कम तीच. ऐकलेल्या प्रत्येक घटकेस मोल लावलें असतें, तर आमच्या घरीं रेडिओ किती वेळ वाजला असता, कोण जाणे!

हाच प्रश्न २०१४ सालीं हंगेरी देशांत इंटरनेटविषयीं उपस्थित झाला. तेथील सरकारनें २०१२ मध्यें दूरध्वनीवरील संभाषणावर मिनिटागणिक कर बसविला होता. लोक आतां इंटरनेटवरून बोलूं लागले आहेत, तेव्हां करही तिकडे न्यावा, असा सरकारचा युक्तिवाद होता. आणि तो अगदींच निराधार नव्हता. ऑक्टोबरमध्यें अर्थमंत्री मिहाय व्हर्गा यांनीं प्रत्येक गिगाबाइटमागें १५० फोरिंट आकारण्याचा प्रस्ताव मांडला. कर कंपन्यांनीं भरावयाचा होता. परंतु तो अखेर आपल्याच देयकांत उतरणार, अशी लोकांस धास्ती वाटली. टीका होतांच घरगुती ग्राहकामागें महिन्यास ७०० फोरिंटांची मर्यादा घालण्याचें ठरलें. तरीही २६ व २८ ऑक्टोबर रोजीं बुडापेस्टच्या रस्त्यांवर हजारों लोक हातांतील मोबाइलचे दिवे उंच धरून जमले. ३१ तारखेस पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनीं रेडिओवरूनच जाहीर केलें कीं, हा कर आहे त्या स्वरूपांत लागू होणार नाहीं.

अशा वादाचें एक जुनें उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत आहे. तेथें १७१२ सालीं वृत्तपत्रांवर मुद्रांक-कर बसला. १८१५ मध्यें तो अंकामागें ४ पेन्स झाला आणि वृत्तपत्र मजुराच्या आवांक्याबाहेर गेलें. हेन्री हेदरिंग्टनसारख्या प्रकाशकांनीं मुद्रांकावांचून पत्रें काढलीं व त्यापायीं तुरुंगवास सोसला. विरोधक अशा करांस ‘ज्ञानावरील कर’ म्हणत. १८३६ मध्यें तो १ पेनीवर आला व १८५५ मध्यें त्याची सक्ती संपली. त्याच वर्षीं निघालेलें ‘डेली टेलिग्राफ’ लवकरच एका पेनीस मिळूं लागलें. हंगेरीच्या नागरिकांनीं जें पंधरवड्याच्या आंत मिळविलें, त्यासाठीं इंग्लंडास १४३ वर्षें वाट पाहावी लागली.

सरकारास कर हवेत, हें मी शिक्षक या नात्यानें नाकारणार नाहीं. शाळा त्यांवरच चालतात. परंतु कंपनीच्या नफ्यावर बसलेला कर आणि वाचलेल्या प्रत्येक पानाच्या मापानें वाढणारा कर, यांत मोठा भेद आहे. दुसऱ्या करानें श्रीमंताचें वाचन थांबत नाहीं. गरिबाचा मुलगा मात्र पुढचें पान उघडण्यापूर्वीं खिसा चांचपतो. नवीन साधनावर कर बसविण्याची चर्चा जेव्हां जेव्हां निघेल, तेव्हां त्या मुलाचा विचार प्रथम व्हावा, एवढेंच मला सुचवावयाचें आहे.