रे क्लेमन्स: गोलरक्षक आणि गोलरक्षकांचा शिक्षक

रेमंड क्लेमन्सचा जन्म ५ ऑगस्ट १९४८ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्केग्नेस या गावी झाला. गाव सुट्टीसाठी येणाऱ्या पर्यटकांवर चालणारे. तरुणपणी क्लेमन्सनेही तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर आरामखुर्च्या भाड्याने देण्याचे काम केले. खालच्या विभागातल्या फुटबॉलपटूंची कमाई तेव्हा बेताचीच होती आणि हंगाम संपला की अनेकांना असा जोडधंदा पाहावा लागे. स्कन्थॉर्प युनायटेड या लहानशा क्लबाने त्याला संधी दिली. तिथला त्याचा खेळ लिव्हरपूलचा व्यवस्थापक बिल शँक्लीच्या नजरेत भरला आणि जून १९६७ मध्ये शँक्लीने १८,००० पौंड मोजून या १८ वर्षांच्या मुलाला लिव्हरपूलला नेले.

त्या काळात इंग्लंडमध्ये गोलरक्षण शिकवण्याची पद्धतच नव्हती. नियमपुस्तिकेत गोलरक्षकाचा वेगळा उल्लेख १८७१ मध्ये आला. १९१२ पर्यंत त्याला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येत असे, त्यानंतर ही मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती उरली. नियम असे बदलत गेले, पण ही कला शिकवायची कोणी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. गोलरक्षकाने बाकीच्यांबरोबर धावायचे, सराव संपत आला की गोलात उभे राहून सहकाऱ्यांचे फटके झेलायचे आणि उरलेले आपल्या आपण शिकायचे. १९६६ चा विश्वविजेता गॉर्डन बँक्ससुद्धा असाच घडला. सराव आटोपल्यावर तो सहकाऱ्यांना थांबवून घेई आणि त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा फटके मारून घेई. जे गोलरक्षक घडले ते स्वतःच्या चिकाटीवर. योग्य वेळी कुणी चूक दाखवली नाही म्हणून मागे राहिलेले किती असतील, याची नोंद कुठेच नाही.

लिव्हरपूलमध्ये क्लेमन्सच्या वाट्याला सुरुवातीला राखीव संघ आला. मुख्य संघाचा गोलरक्षक टॉमी लॉरेन्स तेव्हा जेमतेम २७ वर्षांचा होता आणि जागा सोडण्याचे त्याला काही कारण नव्हते. फेब्रुवारी १९७० मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत दुसऱ्या विभागातल्या वॉटफर्डने लिव्हरपूलला हरवले. तो पराभव शँक्लीच्या जिव्हारी लागला. त्याने जुना संघ मोडून नवा बांधायला घेतला आणि गोल क्लेमन्सच्या हाती आला. १९७०-७१ च्या पहिल्याच पूर्ण हंगामात लिव्हरपूलने लीगच्या ४२ सामन्यांत फक्त २४ गोल स्वीकारले.

मेलवुडच्या सराव मैदानावर लिव्हरपूलचा भर पाच-पाच जणांच्या छोट्या सामन्यांवर असे. क्लेमन्स डावखुरा, पायात चांगले कसब असलेला, आणि या सामन्यांत तो मैदानी खेळाडू म्हणून हौसेने खेळे. याचा परिणाम त्याच्या गोलरक्षणात दिसतो. लिव्हरपूलची बचावफळी पुष्कळ पुढे सरकून खेळायची, त्यामुळे तिच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा राहायची. ती जागा राखायचे काम क्लेमन्सचे. प्रतिस्पर्ध्याने लांब चेंडू टाकायच्या आतच त्याचा रोख ओळखून तो पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत, प्रसंगी त्याही बाहेर येई. म्हणूनच अंग झोकून केलेले बचाव त्याच्या खेळात इतरांपेक्षा कमी दिसतात. अनेक हल्ले फटक्यापर्यंत पोहोचायच्या आधीच तो संपवून टाकी. ऐंशी मिनिटे चेंडू आला नाही तरी एक्याऐंशीव्या मिनिटाला तेवढेच सावध असणे, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मानला पाहिजे, कारण बलाढ्य संघाच्या गोलरक्षकाला काम थोडे असते आणि जे असते ते एकदम येते.

१९७३ च्या यूएफा कप अंतिम फेरीत हे दिसून आले. बोरुसिया म्युनशनग्लाडबाखविरुद्धचा पहिला सामना आपल्या अॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूलने ३-० असा जिंकला. त्या सामन्यात पाहुण्यांना पेनल्टी मिळाली आणि युप हाइनकेसचा फटका क्लेमन्सने अडवला. आघाडी एवढी मोठी होती की त्या क्षणी या बचावाचे मोल कुणाला जाणवले नसेल. परतीच्या सामन्यात जर्मनीत ग्लाडबाख २-० ने जिंकले आणि कप एकूण ३-२ अशा फरकाने लिव्हरपूलकडे आला. ती पेनल्टी गोलात गेली असती तर एकूण गोल ३-३ झाले असते आणि परक्या मैदानावरील गोलाच्या नियमाने कप ग्लाडबाखने नेला असता. लिव्हरपूलची ही पहिली युरोपियन ट्रॉफी.

चार वर्षांनी, २५ मे १९७७ रोजी, रोममध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर होता. ग्लाडबाखने १-१ अशी बरोबरी साधली होती आणि पारडे त्यांच्याकडे झुकत होते. उली श्टीलिके एकटाच गोलसमोर आला. क्लेमन्स झेपावत पुढे आला आणि त्याने चेंडू अंगावर घेतला. थोड्याच वेळात टॉमी स्मिथच्या हेडरने लिव्हरपूल पुढे गेले आणि सामना ३-१ ने जिंकला. १९७८ आणि १९८१ मध्ये लिव्हरपूलने पुन्हा युरोपियन कप मिळवला, दोन्ही अंतिम सामने १-० असे, म्हणजे क्लेमन्सने एकही गोल होऊ दिला नाही. पाच लीग विजेतेपदे, एक एफए कप, एक लीग कप आणि दोन यूएफा कपही त्याच्या नावावर आहेत. त्यांतला १९७८-७९ चा हंगाम वेगळा काढून सांगण्यासारखा आहे. ४२ लीग सामन्यांत लिव्हरपूलवर केवळ १६ गोल झाले, त्यातले अॅनफिल्डवर फक्त चार, आणि २८ सामन्यांत एकही नाही.

इंग्लंडकडून त्याचे पदार्पण १५ नोव्हेंबर १९७२ रोजी कार्डिफला वेल्सविरुद्ध झाले. पण राष्ट्रीय संघात त्याचा काळ आणि पीटर शिल्टनचा काळ एकच निघाला. व्यवस्थापक रॉन ग्रीनवुडला दोघांतला एक निवडता येईना, म्हणून तो दोघांना आलटून पालटून खेळवत राहिला. गोलरक्षकाला जागेची खात्री लागते आणि ती या दोघांनाही मिळाली नाही. १९७४ आणि १९७८ च्या विश्वचषकांना इंग्लंड पात्रच ठरला नाही. १९८२ ला ठरला, तेव्हा पाचही सामने शिल्टन खेळला. ६१ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या क्लेमन्सच्या वाट्याला विश्वचषकातला एकही सामना आला नाही. मे १९७६ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडच्या केनी डॅलग्लिशचा साधा फटका त्याच्या पायांमधून गोलात गेला, तो प्रसंगही त्याच्या नावाला कायमचा चिकटला. हजारावर सामने खेळलेला माणूस एका गोलासाठी लक्षात ठेवला जावा, हे अन्यायाचे आहे. गोलरक्षकाच्या व्यवसायात मात्र असे नेहमी घडते.

१९८१ मध्ये, ६६५ सामन्यांनंतर, तो ३ लाख पौंडांना टॉटनहॅम हॉटस्परकडे गेला. तिथे १९८२ चा एफए कप मिळाला. १९८४ च्या यूएफा कपच्या अंतिम फेरीत गोलात तरुण टोनी पार्क्स होता आणि त्यानेच पेनल्टी अडवून कप जिंकून दिला. १९८७ मध्ये क्लेमन्सला एमबीई किताब मिळाला, त्याच वर्षी घोट्यामागच्या शिरेला गंभीर दुखापत झाली आणि १९८८ मध्ये त्याने खेळ थांबवला.

तोपर्यंत गोलरक्षकांचा वेगळा प्रशिक्षक ही कल्पना इंग्लंडमध्ये रुजू लागली होती, आणि ती रुजवली निवृत्त गोलरक्षकांनीच. आर्सेनलचा बॉब विल्सन १९७४ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच क्लबाच्या गोलरक्षकांना शिकवू लागला. पॅट जेनिंग्जपासून डेव्हिड सीमनपर्यंत अनेक जण त्याच्या हाताखालून गेले. शेफिल्ड युनायटेडचा अॅलन हॉजकिन्सन क्लबाक्लबांतून फिरून हेच काम करी आणि १९८६ पासून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाबरोबरही होता. डेन्मार्कचा पीटर श्मायकेल मँचेस्टर युनायटेडला योग्य आहे, हा अॅलेक्स फर्ग्युसनला मिळालेला निर्वाळा हॉजकिन्सनचाच. शिक्षक नसताना स्वतः घडलेल्या या पिढीने पुढच्या पिढीसाठी शिक्षकाची जागा तयार केली, याबद्दल इंग्लिश फुटबॉलने त्यांचे ऋण मानायला हवे. क्लेमन्सनेही टॉटनहॅममध्ये गोलरक्षकांना शिकवायला सुरुवात केली. १९९२-९३ मध्ये डग लिव्हरमोरबरोबर त्याने तिथल्या मुख्य संघाची जबाबदारी सांभाळली. पुढे १९९४ ते १९९६ तो बार्नेट या छोट्या क्लबाचा व्यवस्थापक होता. अंडरहिल हे त्यांचे मैदान उतारासाठी प्रसिद्ध होते, पैसा तुटपुंजा होता आणि मोठे यश काही लाभले नाही.

१९९६ मध्ये टॉटनहॅममधला जुना सहकारी ग्लेन हॉडल इंग्लंडचा व्यवस्थापक झाला आणि त्याने क्लेमन्सला गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून बोलावले. हॉडल गेला, केव्हिन कीगन आला, स्वेन-गोरान एरिक्सन आणि स्टीव्ह मॅक्लॅरेन आले. क्लेमन्स कायम राहिला. काम आता बदलले होते. १९९२ च्या नियमाने सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे बंद झाले, त्यामुळे पायाचे कसब ही गरज बनली. पंचवीस वर्षांपूर्वी मेलवुडच्या छोट्या सामन्यांत क्लेमन्सने जे कमावले होते, तेच आता नव्या मुलांना शिकवायचे होते.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाची अडचण अशी की गोलरक्षक त्याच्याकडे थोडेच दिवस असतो. तेवढ्यात त्याचे तंत्र बदलता येत नाही, मन मात्र सावरता येते. ऑक्टोबर २००२ मध्ये मॅसेडोनियाविरुद्ध कॉर्नरवरून थेट गोल झाला आणि सीमनची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. ऑक्टोबर २००६ मध्ये झाग्रेबला गॅरी नेव्हिलने मागे दिलेला चेंडू ऐन वेळी उसळला, पॉल रॉबिन्सनचा पाय हवेतच फिरला आणि चेंडू गोलात गेला. नोव्हेंबर २००७ मध्ये वेम्बलीवर पावसात स्कॉट कार्सनच्या हातातून फटका निसटला आणि इंग्लंडची युरो स्पर्धेची वाट बंद झाली. अशा प्रत्येक प्रसंगी खचलेल्या गोलरक्षकाजवळ असलेला माणूस स्वतः हॅम्पडनच्या गोलाचे ओझे वर्षानुवर्षे वाहत आलेला होता. तंत्र शिकवणारे आणखी कुणी मिळाले असते. हा अनुभव फार थोड्यांकडे होता.

२००५ मध्ये त्याला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार सुरू असतानाही त्याने काम सोडले नाही. फॅबिओ कॅपेलोच्या काळातही तो इंग्लंडच्या प्रशिक्षकांमध्ये होता आणि नंतर फुटबॉल असोसिएशनमध्ये तरुण संघांच्या जडणघडणीकडे त्याने लक्ष दिले. १५ नोव्हेंबर २०२० रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचा मुलगा स्टीफन टॉटनहॅमकडून मधल्या फळीत खेळला आणि पुढे प्रशिक्षक झाला.