मारून मिळालेली माहिती



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पस्तीसहून अधिक वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो आणि दुपारी पेशंट नसले की इतिहास वाचतो, एवढीच माझी पात्रता.

छळ करून खरी माहिती मिळते का, हा आजचा विषय. तो निघाला की आपल्यापुढे प्रथम संभाजीमहाराज उभे राहतात. १६८९ साली बहादूरगडावर औरंगजेबाच्या वतीने त्यांना दोन गोष्टी विचारल्या गेल्या. खजिना कुठे आहे, आणि मुघलांचे कोणते सरदार तुम्हाला सामील आहेत? उत्तर मिळाले नाही. पुढे हालहाल करून त्यांना मारण्यात आले. या प्रसंगामुळे आपली अशी समजूत झाली आहे की छळ फसतो तो शूर माणूस तोंड उघडत नाही म्हणून. पण असे शूर किती? बाकीचे सगळे बोलतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

१९८८च्या उन्हाळ्यात मी नुकताच दवाखाना थाटला होता. आमच्या नात्यातल्या एका वाड्यात सोन्याच्या पाटल्या हरवल्या. संशय गड्याच्या सोळा वर्षांच्या मुलावर. पाणी गाळून पिणारे, सूर्यास्ताआधी जेवणारे घर ते. तिथल्या कर्त्या पुरुषांनी पोराला गोठ्यात कोंडून तळपायांवर काठीने मारले. पोर म्हणाले, परसातल्या विहिरीत टाकल्या. पंप लावून दोन दिवस विहीर उपसली, गाळाशिवाय काही निघाले नाही. पुन्हा मार. मग त्याने एका सोनाराचे नाव घेतले आणि त्या बिचाऱ्याच्या दुकानापुढे तमाशा झाला. पाटल्या आठ दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडल्या. आजींनी परगावी लग्नाला जाताना तिथे लपवल्या होत्या आणि विसरून गेल्या होत्या.

पाटल्या सापडण्याआधी त्याची आई त्याला माझ्याकडे घेऊन आली होती. सुजलेल्या पायांसाठी मी आर्निका दिली आणि विचारले, "विहीर का रे सांगितलीस?" तो म्हणाला, "डॉक्टर, विहीर म्हटल्यावर ते पंप आणायला गेले." म्हणजे तेवढा वेळ मार थांबला. खरे सांगायचे तर तेव्हा मीही त्याला चोरच समजत होतो आणि नातेवाइकांना एक शब्द बोललो नाही.

आमच्या हानेमानने 'ऑर्गेनॉन'मध्ये बजावले आहे की रोग्याला नुसते हो-नाही म्हणता येईल असे प्रश्न घालू नयेत. त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यावे. दुखणाऱ्या माणसाला पोट दाबून "इथेच ना?" म्हटले की तो हो म्हणतो. त्याला तुमचा हात काढून हवा असतो.

आपल्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या तिघांच्या आयोगाचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी बोटे चिमट्यात दाबणे, माणसाला वाकवून बांधून उन्हात ठेवणे असे प्रकार त्यात उघड झाले. वसुली करणारे आणि गुन्ह्याचा तपास करणारे हात बहुतेक तेच होते. मग १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ आले: पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा नाही. तो कायदा रचणाऱ्या स्टीफनला इथल्याच एका अधिकाऱ्याने यामागचे कारण सांगितले होते. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणे सोपे जाते. छळामागचा आळस इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितला असेल. त्याच कायद्यात कलम २७ची खिडकीही होती: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग ग्राह्य. म्हणजे विश्वास सापडलेल्या पाटल्यांवर.

हेरखात्याकडे अशा पाटल्या सहसा नसतात. इब्न अल-शेख अल-लिबी हा अफगाणिस्तानातला प्रशिक्षण छावणीचा प्रमुख २००१च्या अखेरीस पकडला गेला. एफबीआयचे लोक न मारता त्याच्याशी बोलत होते. पण सीआयएने २००२च्या जानेवारीत त्याला इजिप्तच्या हवाली केले. तिथे सुमारे दीड फूट रुंद पेटीत त्याला सतरा तास कोंडले, असे त्याने नंतर सांगितले. प्रश्न होता अल-कायदा आणि इराकच्या संबंधांचा. त्याला काही ठाऊक नव्हते, म्हणून त्याने गोष्ट रचली. जैविक शस्त्रांविषयी विचारल्यावर मात्र त्याला त्या शब्दाचा अर्थच कळेना, त्यामुळे खोटेही रचता येईना, आणि त्यासाठी पुन्हा मार बसला. अमेरिकी लष्कराच्या गुप्तचर संस्थेने त्याच फेब्रुवारीत लेखी शंका काढली होती की हा माणूस दिशाभूल करत असावा. तरी ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत त्याची गोष्ट, नाव न घेता, पुरावा म्हणून मांडली. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. २००४च्या जानेवारीत अल-लिबीने जबाब फिरवला, सीआयएनेही ती माहिती मागे घेतली. तोवर विहीर उपसायला एक अख्खा देश काढला होता.

कोणी म्हणेल, अल्जियर्सचे काय? १९५७ साली जनरल मासूच्या छत्रीधारी सैनिकांनी सरसकट छळ करून बंडखोरांचे शहरातले जाळे मोडले, हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. हजारो लोक हातात असले की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याशी ताडून पाहता येते. पण तिथल्या पोलीस खात्याचा सचिव पोल तेतजां, ज्याने स्वतः गेस्टापोचा छळ सोसला होता, त्याने मार्चमध्येच राजीनामा लिहून दिला. त्याच्या मोजणीत तीन हजारांहून अधिक कैदी बेपत्ता होते. शहर हाती आले. १९६२ साली देश गेला.

याउलट हान्स शार्फ. दुसऱ्या महायुद्धात फ्रँकफुर्टजवळ ओबरउर्सेल येथे तो पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांची चौकशी करी. मारझोड नाही; रानात फिरायला नेई, गप्पा मारी. एकदा चालता चालता तो म्हणाला की तुमच्याकडे रसायनांचा तुटवडा आहे, म्हणून तुमच्या माग दाखवणाऱ्या गोळ्या हल्ली पांढऱ्या दिसतात. वैमानिकाला राहवेना. छे, म्हणाला, पांढरी गोळी म्हणजे दारूगोळा संपत आल्याची खूण! शार्फला तेवढेच हवे होते. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने त्याला बोलावून त्याची पद्धत ऐकली.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. अनुमोदन अद्याप दिलेले नाही.

तो मुलगा पुढे हुबळीला कामाला लागला, असे ऐकले. पाटल्या सापडल्याचे त्याला कोणी कळवले का, हे मी त्या घरात कधी विचारले नाही.