दुधी रक्त आणि स्वादुपिंडाचा दाह

रक्ताची नळी उभी ठेवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर, पारदर्शक द्रव उरतो. क्वचित एखाद्याच्या रक्तातला हा द्रव चक्क दुधासारखा पांढरा दिसतो. तो पांढरेपणा ट्रायग्लिसराइड या मेदाचा असतो. तो ओळखायला नुसते डोळे पुरतात. म्हणूनच 1865 साली, मेद मोजणारी आजची यंत्रे नसताना, स्पेक या जर्मन डॉक्टरांनी अशा रक्ताचा आणि स्वादुपिंडाच्या दाहाचा संबंध नोंदवला.

पण मेदामुळे दाह झाला, की दाहामुळे मेद वाढला? प्रश्न जवळजवळ शतकभर लोंबकळत राहिला. शिवाय दारू या दोन्हींना कारण ठरते, म्हणजे तिसरा संशयितही हजरच!

गुंता सुटायला मदत झाली ती लहान मुलांमुळे. बुर्गर आणि ग्रुट्झ यांनी 1932 मध्ये अशा दुधी रक्ताच्या एका मुलाचे वर्णन केले. इथे दारूचा प्रश्नच नव्हता. पुढे 1960 मध्ये हेवेल आणि गॉर्डन यांनी दाखवले, की या आनुवंशिक आजारात रक्तातला मेद फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइमच काम करत नाही. म्हणजे मेद जन्मापासून वाढलेला, आणि पोटदुखीचे झटके त्यानंतरचे. क्रम ठरला! त्यामागची यंत्रणा हेवेल यांनी 1969 मध्ये सुचवली: स्वादुपिंडातले लायपेज आसपासच्या केशवाहिन्यांतला मेद फोडते, त्यातून मेदाम्ले मोकळी होतात. अल्ब्युमिनला ती सगळी बांधून ठेवता आली नाहीत, की तीच पेशींना इजा करतात.

ट्रायग्लिसराइड 150 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावे. 1000 च्या वर गेले की दाहाचा धोका गंभीर मानतात. प्रत्येकाला दाह होतोच असे मात्र नाही.

आता मोजमापाची गोष्ट. मी अभियांत्रिकीचा शिक्षक, त्यामुळे मला हीच जास्त खुणावते. स्वादुपिंडाचा दाह ओळखायला रक्तातले ॲमायलेज मोजतात. पण नेमक्या याच दुधी रक्तात ते खोटेच नॉर्मल येऊ शकते. रुग्ण कळवळतोय आणि कागद म्हणतो, सर्व ठीक! 1973 मध्ये फॅलट आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. तोच नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून मोजला, की ॲमायलेज वाढलेले निघते.