गाडीचे दार आणि आतली कडी

आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेव येथे परतवारीसाठी वारकरी येतात. एके काळी ही वाट पायी, नाही तर बैलगाडीने सरे. बैलगाडीला दार नसते. बैल बुजले तर उडी टाकायची की सुटका! आता त्याच वाटेवर एसटी, जीप नि मोटारी धावतात. वाहनाला दार आले आणि दाराबरोबर एक प्रश्नही आला : वेळप्रसंगी आतल्या माणसाने बाहेर कसे पडायचे?

दाराला कामे दोन. परक्याला आत येऊ द्यायचे नाही, हे पहिले. आतल्याला बाहेर पडू द्यायचे, हे दुसरे. आपल्या जुन्या वाड्याचा दरवाजा पाहा. जाड फळ्या, लोखंडी खिळे, ये-जा करायला लहानशी दिंडी. पण अडसर मात्र आतून. तो काढायला किल्ली लागत नाही. अंधारातही हात बरोबर तिथेच जातो.

आगगाडी आली तेव्हा हे दुसरे काम लोक विसरले. फ्रान्समध्ये प्रवाशांनी चालत्या गाडीतून उतरू नये म्हणून डब्यांना बाहेरून कुलूप घालीत. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले नि पेटले. पन्नासाहून अधिक माणसे मेली. अंटार्क्टिकची सफर करून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल बायकोमुलासह त्यात गेला. मग ती कुलपे गेली. पुढे १८८३ साली इंग्लंडात संडरलंडच्या एका सभागृहात जिन्याचे दार एका वेळी एकच मूल जाईल इतके उघडे ठेवून खिटी घातली होती. बक्षिसांसाठी धावलेली १८३ मुले तिथे चेंगरून मेली. आडवा दांडा ढकलताच उघडणारी दारे त्यानंतर पुढे आली.

लांब कशाला जा? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस दाराच्याच कुशीवर उलटली आणि पेटली. २५ जण दगावले. काही जण काच फोडून निघाले म्हणून वाचले.

आता मोटारीकडे वळू. दाराचे हँडल पत्र्यात बसवण्याची कल्पना नवी नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल गाडीला तसेच हँडल होते. वारा कमी अडतो, गाडी देखणी दिसते. आपल्याकडे २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि २०२४ साली टाटांची कर्व्ह अशी हँडले घेऊन आल्या. हँडल पत्र्यात बसले म्हणजे धोका आला, असे नव्हे. अडचण आहे ती केवळ विजेवर चालणाऱ्या हँडलांची. टक्कर होऊन वीज गेली तर हँडल बाहेर येत नाही. मदतीला धावलेल्या माणसाला धरायला काहीच उरत नाही. आत हाताने ओढायची कडी बहुधा असते. पण ती कुठे आहे हे मागे बसलेल्याला ठाऊक नसते.

म्हणून अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या मॉडेल वाय गाडीच्या हँडलांची चौकशी सुरू केली. चीनने तर नियमच केला : १ जानेवारी २०२७ पासून नव्या मोटारींची दारे आतून व बाहेरून, विजेवाचूनही उघडली पाहिजेत. वाड्याचा अडसर जे सांगत होता, तेच हे!

कायदा येईल तेव्हा येईल. आपण मात्र एवढे करावे. गाडीत बसताच आतली कडी कुठे आहे ते विचारावे आणि एकदा स्वतः उघडून पाहावे. मागच्या दाराला लहान मुलांसाठीची खिटी लावली असेल, तर ते दार आतून उघडत नाही, हे ध्यानी ठेवावे. गुरुजींनी सहलीला निघण्यापूर्वी बसचे संकटकाळचे दार नि काच फोडायची हातोडी मुलांना दाखवावी. पाच मिनिटांचे काम आहे. पण ते गाडी सुटण्याआधीच व्हायला हवे.